तलावावरचं लोखंडी मचाण

आमच्या ह्यांच्या हातचा जोड उकललेला मी अजून पाहिलेला नाही. इकडे बुंदेलखंडात, नगऱ्यात, आमच्या गल्लीतली निम्मी फाटकं त्यांनी केलेली आहेत. इथल्या सरकारी कारखान्यात ते वेल्डर होते आणि ही फाटकं रविवारी, शेजारधर्म म्हणून व्हायची. निवृत्त झाले त्या दिवशी हार-नारळ घेऊन घरी आले, ताठ आवाजात लेकीला फोन केला, जेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना विचारलं, "तुझ्या माहेरच्या शेतात काही करण्यासारखं आहे का?" रिकामे हात त्यांना सोसत नाहीत.

माझं माहेर टहरौलीच्या पलीकडे. आमचे पूर्वज फार मागे दक्षिणेतून आले आणि तिथल्या देवळाची पूजा करत राहिले. वडिलांपर्यंत ती चालली. मला भाऊ नाही, म्हणून देवळामागचं शेत माझ्याकडे आलं. माझी चौथीपर्यंतची शाळाही तिथलीच. शेत आता बटाईवर आहे. जो कसतो त्याला मी लहानपणापासून भैया म्हणते.

आमचं शेत खोलगट आहे. त्याच्या वरच्या अंगाला गावाची मोकळी जमीन, तिच्यावर एक उंचवटा, उंचवट्यावर महुआ, म्हणजे मोहाचं झाड, आणि खाली तलाव. ही सगळी जागा गावाची. मटार-हरभरा भरायला लागला की नीलगायी आणि रानडुकरं येतात, आणि ती कुठून येतात हे त्या उंचवट्यावरूनच दिसतं. म्हणून वडील दरवर्षी तिथे मचाण बांधायचे. चार लाकडी बल्ल्या, आडवे बांबू, वर पराळ, म्हणजे भाताचा पेंढा, आणि सगळं काथ्याच्या दोरीने आवळलेलं. महुआला त्यांनी कधी खिळा मारला नाही. वर बसून डबा वाजवायचा, आरोळी द्यायची, जनावर पळालं की काम झालं.

कापणी संपली की त्या मचाणाच्या दोऱ्या सोडायच्या, आणि हे काम आईचं होतं. महुआच्या बुडाशी गूळ-चणे ठेवून ती पहिली गाठ सोडायची, मग बाकीच्या आम्ही मुली. दोरी गाईला जायची, बल्ल्यांवर घरी परसात दुधीचा वेल चढायचा. चैतात उंचवटा पुन्हा जसाच्या तसा व्हायचा. "हंगाम आपला, जागा गावाची," वडील म्हणायचे. मोठं काही सांगतोय असं त्यांना तेव्हा वाटत नसावं. पाणी उकळलं, पाऊस थांबला, तसंच ते बोलणं.

ह्यांनी ते मचाण लोखंडाचं केलं.

खोटं का सांगू, देखणं झालं होतं. चार अँगलचे पाय, काँक्रीटमध्ये पुरलेले. वर जाळीचा कठडा, पत्र्याचं छप्पर, चढायला शिडी. आधी लाल प्रायमर, त्यावर हिरवा रंग. भैयाने पाय आपटून पाहिले, जरा हललं नाही. गावातली माणसं येऊन हात फिरवून जायची. "पाहुनों ने का चीज बनाई है!" पाहुने म्हणजे जावई. आमच्या बुंदेलखंडात एका घराचा जावई साऱ्या गावाचा जावई. त्याला पहिली खाट, पहिला चहा, आणि वाकडा शब्द मात्र कधीच नाही. हे विदर्भातले. लग्न झालं तेव्हा त्यांना या मानाचा संकोच वाटायचा, पुढे गोडी लागली. त्या हंगामात मीही वर बसले. मटाराचा हिरवा पट्टा पायाखाली होता, आणि हे माझ्या माणसाने केलंय, असं मनात येत होतं.

चैतात कापणी झाली. मी सवयीने गूळ-चणे घेऊन गेले आणि मचाणाखाली उभी राहिले. सोडायला काहीच नव्हतं.

"अहो, हे उतरवायचं कधी?"

"उतरवायचं?" ते हसले. "हे काय तुझ्या वडिलांचं पराळ आहे? नातवंडं बसतील याच्यावर."

मी गूळ-चणे ठेवले आणि परत आले. बोलायचं तेव्हा मला शब्द सुचत नाहीत, ते घरी पोचल्यावर भांडी घासताना सुचतात.

वैशाखात नांगरटीचं ठरवायला आम्ही पुन्हा गेलो. गावाबाहेरच्या वाटेवर जिज्जी भेटली. जिज्जी म्हणजे आमच्या देवळाशेजारची. माझ्याहून मोठी, लहानपणी मला कडेवर घेऊन हिंडलेली. मला अजून बिन्नू म्हणते. इकडे धाकट्या बहिणीला, लेकीला बिन्नू म्हणतात. तिच्या शेळ्या रोज तलावावर असतात. त्या दिवशी ती भलत्याच बाजूने, लांबच्या हातपंपाकडून त्यांना हाकत येत होती. शेळ्यांच्या जिभा बाहेर आलेल्या.

"काय जिज्जी, तलाव सोडून इकडे कुठे?"

"घुमाबे लाईं, बिन्नू. तुमाए सहर में लोग पार्क में घूमत, हमाईं बकरियाँ इतै घूमत."

मी हसले, पण ती नेहमीसारखी हसली नाही. हे भैयाबरोबर पुढे गेल्यावर मी तिचा हात धरला. मग तिने सांगितलं. महुआची फुलं गळायला लागली, बाकीचं पाणी आटलं, तशी जनावरं संध्याकाळी याच तलावावर येतात. मोटारसायकलवरून दोघं जण येऊन दुपारपासून मचाणावर बसतात. जवळ बंदूक असते. शिकारीला बंदी आहे हे त्यांनाही ठाऊक आहे. पाण्यावर शेळ्या दिसल्या की वरून ओरडतात, हटाव, जनावर बिचकतं. महुआची फुलं वेचायला गेलेल्या बायकांनाही त्यांनी उठवलं होतं. कुणी विचारलं तर सांगायचं, दामाद साहेबांचं मचाण आहे, त्यांना विचारूनच बसलोय.

"ह्यांनी त्यांचं तोंडही पाहिलेलं नाही!" मी म्हटलं. "मग ह्यांना सांगायचं होतंस ना."

जिज्जीने हनुवटीवर बोट ठेवलं. "पाहुनन सें? गाँव के पाहुनन सें कोऊ ऐसी बात कहत?" आणि लगेच म्हणाली, "उनने चाय पी कै नईं?"

तेव्हा मला उमगलं. मचाण झाल्यापासून गावाने त्याची स्तुतीच केली होती, आणि ती खरीही होती. पण जे खुपत होतं ते कुणी बोलू शकत नव्हतं, कारण ते करणारा जावई होता. भैया गप्प, जिज्जी गप्प, फुलं वेचणाऱ्या बायका गप्प. ह्यांना सांगू शकेल असं त्या गावाचं एकच माणूस होतं, ते म्हणजे गावची लेक. आणि ती पडली माझ्यासारखी.

घरी आल्यावर मी पान वाढून समोर बसले आणि सांगून टाकलं. ह्यांचा घास हातात राहिला.

"सगळे तर म्हणतात छान झालंय."

"तुम्हाला कोण वाईट म्हणेल? तुम्ही जावई."

"बंदूक घेऊन मी बसतोय का? कुणी गैरवापर केला तर लोखंडाचा दोष?"

"बाबांचं मचाण चैतानंतर नसायचंच. त्याच्यावर कोण बसणार?"

सकाळी उठून पाहते तर हे अंगणात लोखंडी पट्ट्या मोजत होते. शिडीच्या बुडाला जाळीचं दार आणि त्याला कुलूप. प्रश्न मिटला, असा त्यांचा चेहरा. पुढच्या आठवड्यात जाऊन त्यांनी ते दार बसवलं, कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. "घे. आता तुझ्याशिवाय कुणी चढणार नाही."

मी ती पदराला बांधली. वाऱ्याने पदर हलला की ती मनगटाला लागायची. कपाटाची किल्ली पदराला बांधावी, कोठीची बांधावी. पण जिथे जिज्जीने मला कडेवर खेळवलं त्या उंचवट्याची किल्ली माझ्या पदराला कशी? त्या शिकाऱ्यांनी जागा अडवली होती ती चोरून. आता आम्ही कुलूप लावून अडवली होती, एवढाच फरक.

हे ह्यांना कसं सांगावं याची मी जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात मोटारसायकल आली. जिज्जीने सांगितलेले तेच दोघे. पाठीवर कापडात गुंडाळलेली लांब वस्तू. तलावाच्या पलीकडे जिज्जी शेळ्या घेऊन उभी होती, खाली उतरावं की परत फिरावं अशी.

"दामाद साहब, राम-राम! अच्छा किया ताला लगा दिया, ऐरे-गैरे चढ़ते थे." त्यातला मोठा हात पुढे करून म्हणाला, "चाबी दे दीजिए. हम तो घर के आदमी हैं. एक रान आपके यहाँ भी पहुँच जाएगी." रान म्हणजे मारलेल्या जनावराची मांडी.

हे गोंधळले. गावाने जावयाला दुखवायचं नाही, तसं जावयानेही गावात कुणाला तोंडावर नाही म्हणायचं नाही, अशी त्यांना इतक्या वर्षांची सवय. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "चाबी इनके पास है," एवढंच म्हणाले.

परक्या पुरुषांशी मी कधी बोलत नाही. दूधवाल्यालाही दाराआडून सांगते. पण माहेरच्या मातीत उभी होते, डोकं उघडं होतं, तिथे लेकी पदर घेत नाहीत.

"चाबी है," मी म्हटलं. "पर दूँगी नहीं. मचान उतरेगा."

"अरे भाभीजी—"

"भाभी नहीं. इस गाँव की बेटी हूँ." आवाज मोठा नव्हता, पण ऐकू जाण्याइतका होता. "यह जगह हमारी नहीं है, तो ताला भी हमारा नहीं. आपका बैठना तो बिल्कुल नहीं. पहले बकरियाँ पानी पिएँगी."

तो ह्यांच्याकडे वळून हसला. "क्यों दामाद साहब, घर में किसकी चलती है?"

तिथे मला भीती होती. चारचौघांत बायकोने बोललेलं किती पुरुषांना चालतं? आणि मी तर त्यांना न विचारता त्यांचं काम मोडायला काढलं होतं. ह्यांनी एकदा मचाणाकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, "खेत इनके पिताजी का है, सो वहाँ इनकी चलती है. और यह टीला तो इनके पिताजी का भी नहीं था."

"बना-बनाया कौन तोड़ता है, साहब?"

"जिसने बनाया."

ते दोघं थोडा वेळ रेंगाळले, काहीबाही पुटपुटले आणि गाडी वळवून गेले. जिज्जी शेळ्या घेऊन खाली उतरली. शेळ्यांनी पाण्यात तोंडं घातली तो आवाज मला अजून आठवतो.

ग्राइंडर बरोबर नव्हता. "शिडी तर आज निघेल," हे म्हणाले. दोन बोल्टवर टांगलेली होती. ती आम्ही दोघांनी उचलली, पुढे ते, मागे मी, आणि गावातून निघालो. मग जो गोंधळ झाला! जावयाच्या खांद्यावर शिडी, नसैनी! घराघरातून माणसं धावली. "अरे पाहुने, काए सरम में डारत हौ!" भैया तर रडवेला झाला. ह्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. देवळापर्यंत ती शिडी आम्हीच नेली. लग्नाच्या वरातीतही मी इतकी मान वर करून त्या गल्लीतून चालले नव्हते.

पुढच्या खेपेला ट्यूबवेलच्या मोटारीवरून वायर ओढून त्यांनी ग्राइंडर लावला. मी ठिणग्यांपासून लांब बसले होते. मला वाटलं जोड तोडतील. पण एकही जोड त्यांनी तोडला नाही, प्रत्येक जोडाच्या शेजारून कापलं. काँक्रीटचे पाय पहारीने उकरून काढले, खड्डे भरून पायाने दाबले. परतताना वाटेत एकदाच म्हणाले, "चांगलं झालं होतं गं." मी म्हटलं, "फार." त्यावर आणखी काही बोलण्यासारखं नव्हतं.

त्याच लोखंडातून त्यांनी नवं मचाण केलं. हलके तुकडे, सगळे नट-बोल्टवर, पायांना काँक्रीट नाही, जमिनीत ठोकायच्या लांब खुंट्या. कार्तिकात उभं राहिलं. मटार राखला. चैतात कापणी झाल्यावर महुआच्या बुडाशी मी गूळ-चणे ठेवले, तेव्हा ह्यांनी खिशातून पाना काढून माझ्या हातात दिला. "पहिला बोल्ट तू सोड." माझ्याने हलेना. त्यांनी पान्यावर माझ्या हाताशेजारी हात ठेवला, मग फिरला.

सगळं भैयाच्या बैलगाडीत भरून निघालो, तोच तलावावरून आरोळी आली.

"ओ पाहुने! आँखें कहाँ धर आए? एक खूँटी छोड़ें जात हौ! हमाई बकरिया को पाँव टूट जैहै तौ?"

भैयाने जीभ चावली. जिज्जीच्याही लक्षात आलं असावं आपण कुणाला ओरडलो ते, तिने पदर तोंडाला लावला. पण हे धावत मागे गेले, गुडघे टेकून खुंटी उपटली आणि तिला हात वर करून दाखवली. जिज्जी पदराआडून म्हणाली, "हओ, अब जाओ."

रात्री जेवणाआधी त्यांनी लेकीला फोन लावला. ती मराठी समजते, बोलते हिंदीत. "क्या हुआ पापा?"

"काही नाही," हे म्हणाले. "आज तुझ्या आजोळी मला जिज्जीने झापलं. सगळ्यांदेखत." हे सांगतानाचा त्यांचा आवाज हार-नारळ घेऊन आले होते त्या दिवसापेक्षाही ताठ होता.