तस्लीमची आठ हजार वेढ्यांची चूक

कर्जतमध्ये पाण्याचा पंप जळाला की लोक दोन प्रकारे वागतात. काही सरळ तस्लीमकडं येतात. उरलेले आधी दुसरीकडं जातात, चार दिवस पाण्यावाचून काढतात आणि मग तस्लीमकडं येतात. हे दुसरे लोक पायरीवरून आत डोकावून विचारतात, "मेस्त्री हायेत का?" समोर बाई बसलेली, पुढ्यात मोटारीचं पोट उघडलेलं, हातात तांब्याची तार. तरी विचारतात! तस्लीम मान वर न करता म्हणते, "हायेत. काय काम हाय ते तिला सांगा."

मोटारी बांधायचं, म्हणजे आतली जळकी तार काढून नवी गुंडाळायचं, काम ती सासऱ्यांच्या हाताखाली शिकली. सासरे गेल्यावर दिरांनी दुकान विकायला काढलं. ही म्हणाली, "विका. पण या अकरा मोटारी कोण बांधून देणार, तेवढं सांगून विका." दुकान राहिलं. त्याला आता बारा वर्षं झाली. नवरा अब्रार टेंपो चालवतो आणि बायकोच्या वाटेला जात नाही. शहाणा माणूस आहे.

तस्लीमचं खरं हत्यार म्हणजे तिचा कान. मोटार चालू केली की ती नुसती ऐकत उभी राहते. "ही घशातनं बोलते, हिचं बेअरिंग गेलं," म्हणते, आणि गेलेलं असतं. याच कानापायी ती पुढच्या भानगडीत पडली. आमच्याकडं लग्नाच्या हळदीला बेंजो पार्टी लागतेच. सगळं गाव बेंजोवर नाचतं. ही बाई मात्र स्पीकरच्या खोक्याला खेटून उभी. एकदा मला म्हणाली, "भाऊ, ते वरचं टिणटिण सोडा. खाली पोटात वाजतंय ते काय हाय?" मला काय माहीत! मी सभा-मोर्चेवाला माणूस, मला लाउडस्पीकर फक्त सभेपुरता कळतो.

उत्तर तिला पळसदरीला सापडलं. धरणाजवळ मुंबईच्या एका शेठचा बंगला आहे, शनिवार-रविवारचा. तिथला पंप दुरुस्त करताना अडगळीच्या खोलीत एक लांब मानेची गिटार दिसली. मजुरीच्या बदल्यात तिनं ती मागून घेतली. शेठ म्हणाला, "पूर्ण रोजवुड आहे हं, इंपोर्टेड. मुलाने हौसेने घेतली होती."

दुकानात ती बघून मी म्हणालो, "दोन तारा तुटलेल्या दिसतात."

"भाऊ, बोलण्याआधी विचारत जा. ही बेस गिटार. हिला चारच असतात."

बोललो ते बोललो. पण शेठच्या 'पूर्ण रोजवुड'वर माझा विश्वास बसेना. बंगलेवाल्यांचं ऐकून गप्प बसायची मला सवय नाही. तिला म्हटलं, चल, भिसेगावला मालोजीला दाखवू.

मालोजी सुतार साठीचा. कारखाना भिसेगावात, घर खालापूरच्या अलीकडं. माणसाशी तो निम्मं बोलतो, लाकडाशी पुरं. त्यानं गिटार हातावर तोलली. मग मधलं झाकण उघडायला लावलं, कारण आत रंग नसतो. आतल्या कोऱ्या लाकडात त्यानं अंगठ्याचं नख दाबलं. नखाची खूण उठली.

"रोजवुड म्हणजे आपलं शिसव. शिसव म्हणला तो? येवढं धूड शिसवाचं असतं तर तुला उचलून आणाय हमाल लागला असता गं. हे मऊ लाकूड, फिकट. वरनं नुसता शिसवी रंग फासलाय."

तस्लीमचं तोंड उतरलं. "म्हणजे फसवलं मला."

"थांब की. मान बघ. ही पांढरी, घट्ट, रेघ सरळ. हे झाड आपल्या रानातलं नाय, पण लाकूड एक नंबर." मग त्यानं बोटं ठेवायच्या पट्टीवर थुंकी लावून चोळली. काळपट तांबूस रेषा वर आल्या. मालोजी हसला. "आणि ही पट्टी मात्र शिसव हाय. शेठ अगदीच खोटा नाय, चार आणे खरा हाय."

"मऊ लाकूड म्हणजे हलकं काम ना, काका?"

"कोण म्हणलं? चाकाला बाभूळ, दाराला साग, खोक्याला आंबा. सागाचं खोकं कोणी करतं का? दिवसभर गळ्यात अडकवायची वस्तू हाय, वजन नको म्हणून मऊ घातलं असंल. करणारा येडा नव्हता."

त्या दुपारी तस्लीम झाडांची नावं वहीत उतरवून घेत होती. एक गोष्ट मात्र मालोजीला ठाऊक नव्हती. मान थोडी वाकली होती, त्यामुळं तारा पट्टीपासून फार वर राहत होत्या. मालोजी म्हणाला, ओलं फडकं गुंडाळू, शिकंज्यात दाबू, दोन दिवसांत सरळ. शिकंजा हातात घेतलासुद्धा! तस्लीमनं फोनवर काहीतरी वाचलं आणि ओरडली, "काका, हात लावू नका. आत सळई हाय." मानेच्या टोकाला एक भोक होतं. तिनं तिच्या पेटीतली षटकोनी चावी घालून पाव फेरा फिरवला, दुसऱ्या दिवशी अजून पाव. मान सरळ झाली.

"लाकडाच्या पोटात लोखंड," मालोजी म्हणाला. "चाळीस वर्षांत असली लबाडी नाय बघितली." पण चावी मागून घेऊन त्यानं स्वतःही एकदा भोकात घालून बघितली.

माझा सभेचा जुना अँप्लिफायर मी तिला देऊन टाकला. पुढचं वर्षभर दुपारी अर्धं शटर ओढून ती फोनवर बघून शिकत राहिली. बोटांना आधी फोड आले, मग घट्टे. मोटारवालीला घट्ट्यांचं काय कौतुक!

मग मालोजीच्या मुलीचं, सुप्रियाचं लग्न ठरलं. ती दुकानात येऊन म्हणाली, "मावशी, माझ्या हळदीला तू वाजवायचंस. नाय वाजवलंस तर मी हळद लावून घेणार नाय."

बेंजो पार्टी कमलेशची ठरली होती. कमलेश कीबोर्ड वाजवतो आणि आख्ख्या तालुक्यात आपल्यासारखा कोणी नाही असं मानतो. त्याच्या तालमीला तस्लीम गिटार घेऊन गेली. वायर जोडली आणि स्पीकरमधून आवाज आला, भुणणणण. ती वाजवत होती ते बरं होतं. पण त्याच्याखाली भुणभुण थांबेना.

"आपा," कमलेश म्हणाला, "गाणं कुठलं नि पंप कुठला, काय कळंना बगा." पोरं खिदळली.

"आवाज काढून टाकीन मी."

"काढा. अठरा दिवस हायेत. गेला तर सुप्रियाच्या हळदीला तुमी आमच्यात उभ्या. नाय गेला तर मांडवात बसून जेवा, आमी वाजवतो."

मला असा राग आला की मी दोन शब्द बोलणार होतो. तस्लीमनं माझी बाही ओढली. "भाऊ, तो बरोबर बोलतोय. भुणभुण खरीच हाय."

दुसऱ्या दिवशी तिनं गिटार उघडली. तारांच्या खाली दोन काळ्या डब्या असतात; त्या तारेचं थरथरणं पकडून आवाज पुढं पाठवतात. डबीत काय, तर चुंबक आणि त्याच्याभोवती तांब्याच्या तारेचे वेढे. वेढे म्हटल्यावर तिचे डोळे चमकले. हे तर आपलंच खातं! तिनं मीटर लावला. मोटारीच्या वेढ्यांचा रोध पाच, दहा, फार तर पन्नास ओहम येतो. इथं काटा आठ हजारावर. दुसऱ्या डबीतही तेच.

"जळाल्यात दोन्ही," ती म्हणाली. तेवीस वर्षांचा अनुभव बोलत होता, मी कशाला मधे पडू? जळालेलं वाइंडिंग दिसलं की तस्लीम ते उपसून टाकते. तिनं आधी, मोटार उघडताना करते तसं, वेढ्यांची दिशा खडूनं भिंतीवर लिहिली. मग पहिल्या डबीवर ब्लेड चालवलं. केसाहून बारीक तार फणीतल्या गुंतवळासारखी निघाली. दुसरीवर ब्लेड ठेवलं आणि का कोण जाणे, म्हणाली, "हिचा रडका आवाज एकदा ऐकून घेऊ." एकटी दुसरी डबी जोडून तार छेडली.

ठणठणीत वाजली.

तस्लीमनं पुन्हा मीटर लावला. आठ हजार. पुन्हा छेडली. ठणठणीत. ती खाली स्टुलावर बसली. "भाऊ, मी जित्या माणसाचं पोस्टमार्टेम केलं."

मग संध्याकाळपर्यंत तिनं वाचलं आणि मला समजावलं. मोटार वीज खाते, म्हणून तिला जाड तार, थोडे वेढे. ही डबी काही खात नाही, ही नुसती कुजबुजते. तिला केसासारखी तार आणि हजारो वेढे लागतात, म्हणून आठ हजार ओहम हा तिचा आजार नाही, ती तिची तब्येत. मोटारवालीशिवाय ही चूक कोणी करूच शकलं नसतं! खरा बिघाड भलताच निघाला. तारा जिथं खाली अडकवतात त्या लोखंडी पट्टीखालची अर्थची वायर तुटली होती, तालमीला नेताना टेंपोत हिसका बसला असणार. पाच मिनिटांचं सोल्डर. ते केल्यावर भुणभुण निम्मी झाली. उरलेली निम्मी घालवणारी डबी तिनंच कापून टाकली होती. त्या दोन डब्या एकमेकींच्या उलट गुंडाळलेल्या असतात आणि एकीची भुणभुण दुसरी खाते. आता खाणारी कोणी उरली नव्हती.

"अजून सतरा दिवस हायेत," ती म्हणाली. "बांधते."

बारीक तार कल्याणहून मागवली. वेढे मोजायचं हाताचं मशीन दुकानात होतंच. पण मोटारीची तार ओढून घट्ट बसवायची असते, आणि तोच हात इथं नडला. पहिल्यांदा नऊशे वेढ्यांवर तुटली. दुसऱ्यांदा पाच हजारांवर. त्या दिवशी तिनं मशीनला अशी शिवी दिली की बाहेर टेंपो धूत असलेला अब्रार टेंपो तसाच ओला घेऊन निघून गेला.

शेवटी मालोजी आला. लग्नघर सोडून आला. थोडा वेळ बघून म्हणाला, "तू तारेला कामाला लावतेस गं. रंधा मारताना मी जोर करत नाय, रंध्याचं वजन रंध्यालाच पेलू देतो. तुझं चाक फिरतंय ना? मग ओढायचं काम त्याचं. तू नुसती वाट दाखव."

तिनं मखमलीच्या तुकड्याची घडी केली, त्यातून तार अलगद सोडली आणि चाक फिरवू लागली. भिंतीवरची खडूची दिशा बघून, एका बैठकीत. मालोजी बाजूला बसून आकडे मोठ्यानं वाचत होता. आठ हजार दोनशेवर ती थांबली. मीटर लावला. दुसऱ्या डबीच्या जवळपास जुळला. डबी वितळलेल्या मेणात बुडवून काढली, बसवली, दोन्ही जोडल्या आणि अँप्लिफायर चालू केला.

काहीच ऐकू आलं नाही. चालू आहे की नाही म्हणून मी दिव्याकडं बघितलं. दिवा लागला होता. तस्लीमनं तार छेडली आणि दुकानातले नटबोल्ट डब्यात थरथरले.

हळदीच्या दिवशी ऊन कलल्यावर आम्ही मालोजीच्या घरी पोचलो. अंगणात मांडव, चुलीवर भाताची पातेली, सुप्रियाच्या गालाला उटण्यासारखी हळद. कमलेशची पार्टी मांडून बसली होती. तस्लीमनं वायर खोचली.

भुणणणण.

"आला," कमलेश म्हणाला, "पंप आला! आपा, ताट घ्या." या वेळी पोरंच काय, करवल्याही हसल्या. सुप्रिया पाटावरून उठायला निघाली, बायांनी तिला दाबून बसवली.

तस्लीमनं डोकं तिरकं केलं, मोटारीपुढं करते तसं, आणि ऐकलं. मग ब्लाउजला खोचलेला टेस्टर काढला आणि मांडवाचा बोर्ड तपासला. "ह्याला अर्थिंगच नाय."

मांडववाला म्हणाला, "बाई, दहा वर्षं असंच चालतंय."

"दहा वर्षं तुमचं नशीब चालतंय. ओल्या हातानं माणसं नाचणार हितं." ती मालोजीकडं वळली. "काका, पहार द्या. आणि मीठ."

घरामागं, सांडपाणी जातं त्या ओल्या जमिनीत मालोजीनं स्वतः पहार ठोकली. नवरीचा बाप, कोऱ्या धोतरात. तस्लीमनं मिठाचं पाणी ओतलं. मालोजीची बायको सोनाबाई मागून ओरडत आली, "अगं, भाताचं मीठ हाय ते! तीनशे माणसाला आळणी घालू का?" पहारीला वायर बांधून तस्लीमनं ती बोर्डाला आणून जोडली.

भुणभुण गेली. आणि तिच्याबरोबर अजून एक बारीक शीळ गेली, जी आम्हाला कोणालाच आजवर वेगळी ऐकू आली नव्हती. कमलेश कीबोर्डकडं बघत राहिला. त्यानं आवाज वाढवला, कमी केला, परत वाढवला. इतकी वर्षं ती शीळ त्याच्या कीबोर्डातून येत होती, आणि ती झाकायला तो आवाज वाढवत होता.

"सुरू करायचं का?" तस्लीमनं विचारलं.

बेंजो सुरू झाला. दुसऱ्या ओळीला तिनं बोट ठेवलं. लग्नातली माणसं खालचा सूर ऐकत बसत नाहीत, ती नाचतात. पण त्या संध्याकाळी पाय जमिनीला वेगळे लागत होते, एवढं मला नाचता येत नसूनही कळलं. सुप्रिया हळदीच्या तोंडानं "मावशी!" म्हणून किंचाळली. मालोजी खांबाला हात लावून उभा होता, थरथर लाकडात येते का ते बघत. सोनाबाई मिठाचं विसरली.

तीन गाणी झाली. पाणी प्यायला थांबल्यावर कमलेश तिच्याजवळ आला, जरा कान खाजवला. "आपा, रविवारी नेरळला हळद हाय आमची. येणार?"

तस्लीम गिटारच्या तारांवरची हळद पुसत होती. "मांडव कोणाचा?"

"ह्याचाच."

तिनं मांडववाल्याकडं बघितलं. तो बिचारा अजून पहारीची वायर बोटानं चाचपून बघत होता.

"येईन," ती म्हणाली. "पण एक तास आधी. आधी मांडव तपासीन, मग वाजवीन."

"बरं," कमलेश म्हणाला, आणि पोराला हाक मारून स्वतःच्या शेजारी तिच्यासाठी खुर्ची मांडायला लावली.