साबणाचा फेस

कलबुर्गीच्या आमच्या प्रयोगशाळेत नायट्रोजनचं सिलिंडर घेऊन भालकीकडचा एक माणूस यायचा. नळीचा जोड आवळला की तो त्यावर साबणाचा फेस लावायचा आणि बुडबुडा येतो का, ते उकिडवं बसून बघत राहायचा.

त्या दिवशी माझ्याकडं एन्झाइमचा शेवटचा थेंब उरला होता. एन्झाइम काम करताना काय बदलतं, ते अवरक्त प्रकाशाच्या आलेखात दिसतं; पण यंत्रात वाफ शिरली की आलेखाची रेघ दातेरी होते. वाफ बाहेर राहावी म्हणून आत कोरडा नायट्रोजन सोडतात; तरी सकाळपासून रेघ दातेरीच येत होती.

"तुमचंच सिलिंडर गळतंय," मी त्याच्यावर चिडले.

त्यानं फेस लावला. एकही बुडबुडा आला नाही. मी परत यंत्राचं झाकण काढून आत डोकावले, तेव्हा तो माझ्याकडं बघत होता.

"गळत न्हाई, अक्का. तुमी घडीघडी झाकण काढून वाकून बघायलाव. तुमचा दम आत जायलाय."

मी झाकण लावून मागं सरकले. रेघ सपाट व्हायला बराच वेळ लागला. मग झाकण न काढता, बारीक नळीतून थेंब आत सोडला, आणि आलेख स्वच्छ उमटला. वळून पाहिलं, तर तोंडावरचा रुमाल त्यानं तेव्हा कुठं खाली घेतला.

त्या आलेखावर निघालेल्या शोधनिबंधात आभाराची नावं पुष्कळ आहेत. त्याचं मी कधी विचारलंच नव्हतं.