बिनपंखांची राणी

खोपोलीच्या वीजघरातली नोकरी संपवून चांगो घरी बसला आणि सोनुबाईच्या मागे नवा ताप लागला. इतकी वर्षं नवरा दिवसभर बाहेर असायचा. आता तो ओटीवर बसून रेडिओ ऐकायचा आणि अर्धवट ऐकलेलं घरात अमलात आणायचा.

त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात परसातल्या रायवळ आंब्यावर तांबडे मुंगळे माजले. पानाला पान शिवून त्यांनी झाडभर घरटी केली होती. आंबे उतरवणारी ठाकरवाडीची पारू अर्ध्या झाडावरूनच खाली आली. "अंगाची आग झाली, बाई. मुंगळं हायत तवर मी चढायची नाय." इकडे सोनुबाईचं लोणचं खोळंबलेलं.

"राणी मारली की सगळे जातात," चांगो म्हणाला. "रेडिओवर सांगितलंय."

"मग मारा की," सोनुबाई बोलून गेली आणि फसली.

दुसऱ्या दिवशी त्यानं तिच्या पितळी वाटीत एक मोठी तांबडी मुंगी आणली. "ही राणी."

"अवो, असल्या हजार हायत झाडावर. पानं वढतात, शिवतात, चावतात. कामकरी हाय ती."

"पन मोठी हाय."

"मोठी म्हंजे राणी? मग गावातला धाकलू पैलवान बी राणीच म्हनायचा."

मग काळी, बारीक, पंखवाली आली. पंख आहेत म्हणजे राणीच, असं ठरवून चांगोनं ती चिरडली. झाडावर काही फरक पडला नाही. चहाची गाळणी गेली, लोणच्याची बरणी गेली, जे भांडं शोधावं त्यात मुंग्या. शेवटी त्यानं एक आख्खं घरटं आंबे उतरवायच्या आकडीनं तोडून कढत पाण्यात बुडवलं. त्यात जाड्या, हिरव्या, पंखवाल्या मुंग्याच मुंग्या निघाल्या.

"इतक्या राण्या?" तो बोटांवर मोजायला लागला.

सोनुबाई वैतागून उठली, सूप घेतलं आणि तांदूळ निवडावे तशा मेलेल्या मुंग्या निवडायला बसली. तांबड्या लहानमोठ्या, एकीलाही पंख नाहीत, त्या कामकरी. काळे बारीक, पंखवाले, ते नर असावेत. उरल्या हिरव्या.

"इतक्या आया एका घरात नांदतील का?" ती म्हणाली. "या लेकी हायत, उडून जायच्या. म्हनून पंख. जिनं हितं घर मांडलं तिला पंख कशाला ठेवायचे? तिचं पोट बघा, पोट. येवढी पोरं घालतीय ती."

"बिनपंखांची राणी? रेडिओवर असं काय नाय सांगितलं."

"मग रेडिओलाच चढवा झाडावर."

चांगो दोन दिवस एकेक घरटं पाडून कढत पाण्यात बुडवत राहिला. शेंड्याजवळच्या घरट्यात ती सापडली. पंख नाहीत, पोट भिजलेल्या वालासारखं टम्म. मेलेल्या मुंग्याही तिला बिलगून होत्या. सोनुबाईला क्षणभर वाईट वाटलं, मग हातावरचे चावे खाजायला लागले.

मुंगळे लगेच गेले नाहीतच. आंबे पिकून खाली सडले, त्या वर्षी लोणचं झालं नाही. हळूहळू मुंगळे विरळ झाले आणि थंडीत झाड मोकळं झालं. तोवर चांगोनं कर्जतच्या बाजारात सगळ्यांना सांगून टाकलं होतं की राणी आपण ओळखली. लोक काड्यापेटीत, डब्यात मुंग्या भरून यायला लागले. तो ओटीवरूनच म्हणायचा, "आत जा. आमची बघंल."

सोनुबाई चिडायची, पुटपुटायची, पण चुलीपुढून उठून बघायची. पुढं कैक वर्षं हेच चाललं. नातवाच्या बारशाला पानं मांडली असताना चौक गावचा गॅरेजवाला सखा डबा घेऊन दारात उभा राहिला. तिनं पदराला हात पुसले, झाकण उघडलं.

"मुंगी नाय ही, वाळवी हाय. कंबर बघ, कुठं बारीक हाय? डबा भाईर ठेव नि आधी जेवायला बस."