चांगल्या जंतूंना घेऊन बोईसरला

भर मे महिन्यात नाशिक सोडून पालघरच्या उकाड्यात जायचं कोणी ठरवत नाही. ते नशिबी यावं लागतं. माझ्या नशिबी मेव्हणा होता. विनायक ब्रॉयलर कोंबड्यांच्या पोटासाठी पावडर विकतो. "भाऊजी, यात चांगले जंतू असतात. उन्हानं बिघडलेलं पोट तेच सावरतात," हे व्याख्यान जव्हारचा घाट उतरेपर्यंत चाललं. मी पेंगत होतो. त्याला वाटलं, मान डोलावतोय.

पालघरला रस्त्याकडेला बसलेल्या बाईकडून ताडगोळे घेतले, तेव्हा कुठे जिवात जीव आला. बोईसरला एका कामगाराला शेडचा रस्ता विचारला. "सीधा जाओ. पहले कारखाने की बू आएगी, फिर मुर्गी की. दूसरी पे रुकना." पत्ता अचूक निघाला.

शेड बबनदादा आणि कमलताई या जोडप्याची; पिल्लं कंपनी देते, हे वाढवतात, माल कंपनीच उचलते. कोंबड्या चोची वासून, पंख पसरून धापा टाकत होत्या. खाणं सोडलेलं, शिटणं पातळ. "मागची बॅच अशीच गेली," कमलताई म्हणाल्या. "ही पन गेली तर कंपनी पिल्लं देनार नाय. मग शेडमदे आमीच बसायचं." त्या हसल्या, पण नजर कोंबड्यांवरून हलली नाही. मला पहिल्यांदाच त्या पावडरीची काळजी वाटली.

विनायकने पाण्याच्या टाकीत पुडी सोडली आणि तीर्थ ढवळावं तसं भक्तिभावाने ढवळू लागला. बबनदादा छाती फुगवून म्हणाले, "सायेब, तुमी येनार म्हनून सकाळीच टाकीत ब्लिचिंग टाकलंय. रोजच्या दुप्पट! एक जंतू जिता ऱ्हायचा नाय."

विनायकचा हात थांबला. नाशिकपासून जपून आणलेले चांगले जंतू पाहुणचारातच गतप्राण झाले होते.

पिशवीत एकच पुडी उरली होती. टाकी रिकामी केली. बबनदादांनी विहिरीचं साधं पाणी शेंदलं, कमलताईंनी टाकी विसळली, आणि घरी स्वतःचा पेलाही न भरणारा मी कळशा वाहत राहिलो. कोंबड्यांनी माझ्या बुटांच्या नाड्यांवर चोची मारून पाहिल्या.

आम्ही मुक्काम वाढवला. एका सकाळी विनायक किंचाळला, "भाऊजी, पळत या!" मला वाटलं, साप निघाला. तो तुसावर (कोंबड्यांखाली पसरलेली भाताची टरफलं) उकिडवा बसून शिटेचे फोटो काढत होता. "कशी घट्ट आहे बघा!" खरं सांगतो, मलाही ती सुंदर दिसली. भांड्यांपाशी कोंबड्यांची खायला झुंबड उडाली होती. कमलताई पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "धूळ हाय नुसती."

पुढे त्यांचा फोन आला: कंपनीने माल उचलला, नवी पिल्लं येणार, जेवायला या. गेलो. आमच्यासाठी त्याच बॅचमधली एक कोंबडी त्यांनी कंपनीकडून विकत घेऊन ठेवली होती. तिचं भुजिंग (निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी आणि पोहे) झालं होतं.

परतताना घाटात मी कमरेचा पट्टा सैल केला. जिच्या पोटासाठी कळशा वाहिल्या, ती आता माझ्या पोटात होती. वाईट वाटलं का? वाटलं ना. पण दुसऱ्यांदा वाढून घेतल्यावर.