भरीतवाल्या आबांची स्थगित शिक्षा

भरीतवाले आबा साऱ्या जगाची ओळख एकाच नात्याने करून देत. दूधवाला असो की तहसीलदार, "हाऊ मना सख्खा भाऊ शे," म्हणून ते मोकळे. एवढे भाऊ खरोखर असते, तर त्यांच्या आईचा सरकारी सत्कार झाला असता. आबा मूळचे शिंदखेड्याचे; नशिराबादला हमरस्त्यालगत त्यांची भरिताची गाडी होती.

गाडीवर कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजायला गणेश असे. तो नेपाळहून आलेला. त्याला दुबईच्या हॉटेलात काम मिळत होतं, पण एजंट भारतीय पासपोर्टच मागत होता. पडताळणीला पोलीस आला, तेव्हा आबांनी नेहमीचं वाक्य म्हटलं. फरक इतकाच, की या वेळी "आमच्याच घरात जन्मला" अशी भर घालून त्यांनी ते प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं.

पुढे बिंग फुटलं आणि दोघांवर खटला झाला. गणेशने गुन्हा कबूल केला, शिक्षा भोगली आणि तो मायदेशी गेला. वकील म्हणून मी आबांनाही कबुलीचाच सल्ला दिला. "खोटं काय बोलनू मी, वकीलसाहेब?" त्यांनी मलाच दटावलं. खालच्या कोर्टाने एक वर्षाची कैद सुनावली.

जळगावला अपील केलं. शिक्षेला स्थगिती मिळाली नाही, तर आबा त्याच दिवशी तुरुंगात जाणार होते. मी निवाडे पाठ केले, आवाजही थोडा भारदस्त केला. न्यायाधीशांनी दुसऱ्याच वाक्याला मला थांबवलं.

"जामीनदार कोण?"

आबांच्या शेजारचे फळवाले रफिकभाई उभे राहिले.

"आरोपीचे कोण तुम्ही?"

रफिकभाईंनी तोंड उघडायच्या आत मागून आबांचा आवाज आला, "सख्खा भाऊ शे, साहेब!"

सरकारी वकील उसळलेच. "बघा साहेब! भर कोर्टात तोच गुन्हा!"

"आबा, आज तरी शेजारी म्हणा की!" रफिकभाईंनी कपाळावर हात मारला.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "आणि हे सरकारी वकील तुमचे कोण?"

आबांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "धाकला शे. जरा तापट शे, पन मनना चांगला शे."

कोर्ट हसलं. पट्टेवाल्याने भिंतीकडे तोंड केलं. न्यायाधीशांनी मोठ्या कष्टाने गंभीर राहून सांगितलं: शिक्षा अल्प, आरोपी खटलाभर जामिनावर होता, अपिलाला वेळ लागेल, सबब शिक्षा स्थगित. फसवण्याचा हेतू होता की नाही, ते अपिलात पाहू.

बाहेर आबांनी तुरुंगासाठी बांधून आणलेली गोणी सोडली. आत कपडे नव्हतेच. हिरवी वांगी, मिरच्या, लसूण, कांद्याची पात.

"हे काय, आबा?"

"तठे भरीत कोन करी?"

ते त्याच संध्याकाळी गाडीवर झालं. सरकारी वकिलांनी दोनदा वाढून घेतलं.

अपील सुनावणीच्या बोर्डावर यायच्या आत, पुढच्या हिवाळ्यात आबा गेले. घरी, आपल्या खाटेवर. आरोपी मयत म्हणून अपील बंद झालं आणि हेतूचा प्रश्न तसाच राहिला. बातमी कळताच गणेशने नेपाळहून व्हिडिओ कॉल केला. डोक्याचा चकोट केलेला, अंगावर पांढरं वस्त्र.

"आमच्याकडे तेरा दिवस मीठ खात नाहीत," तो म्हणाला. "तुमच्याकडे अजून काय पाळायचं असतं, वकीलसाहेब?"