गादीचं दुसरं टोक

बाबलीला कसली किळस म्हणून येत नसे. पेडण्याच्या बाजारात तीस वर्षं त्याने लोकांच्या गाद्या उसवल्या. मुताचे नकाशे, तेल पिऊन काळ्या पडलेल्या उशा, एकदा तर उंदराची वाळलेली पिल्लं. कापूस काढायचा, उन्हात बडवायचा, नव्या खोळीत भरायचा. "ऊन आणि काठी लागली की गादी सोवळी," असं तो गिऱ्हाइकाला छातीठोक सांगे.

घरच्या गाद्याही तो दर वर्षी अंगणात काढी. एका टोकाशी काठी घेऊन बाबली, दुसरं टोक ताणून धरायला मुलगी, सिद्धी. सहा वर्षांची होती तेव्हापासून.

दमाही तिला तेव्हापासूनचाच. आता चोवीस पूर्ण, डिचोलीत लग्न ठरलेलं, बारा दिवस उरलेले, आणि गादी बडवली त्याच दुपारी ती अशी घुसमटली की पंप ओढूनही ओठ निळे.

दवाखान्यातल्या डॉक्टर शीतल स्पष्ट बोलणाऱ्या. सिद्धीला वाफ लावून त्यांनी बाबलीला समोर बसवलं.

"गादीत किडे असतात काका. माइट. डोळ्यांना दिसत नाहीत. आपल्या अंगाचा कोंडा खातात आणि तिथंच हगतात. त्या घाणीत त्यांचा पाचकरस असतो. तुमचं घर चिऱ्यांचं ना? श्वासाच्या नळीचं अस्तरही तसंच, पेशीला पेशी चिकटलेली. हा रस दोन चिऱ्यांमधला चुनाच खातो. फट पडली की घाण आत, मग सूज, मग नळी आवळते. पुन्हा पुन्हा झालं की भिंत सावरतच नाही."

"पण मी उन्हात बडवतंय मगे!"

"उन्हानं किडे थोडे मरतील. गू मरतो काय? तुम्ही तो बडवून हवेत उडवता. समोर कोण असतं?"

वाफेचा मुखवटा बाजूला करून सिद्धीच म्हणाली, "मी. तोंड उघडं टाकून."

बाबलीच्या जिभेवर तीस वर्षांचा कापूस चढला. बाहेर येऊन तो गटारात तीनदा थुंकला.

घरी वेगळंच वाढून ठेवलेलं. त्यांच्या घरात मुलीच्या नव्या गादीत आईच्या गादीतली मूठभर सावर, म्हणजे सावरीच्या झाडाचा कापूस, घालायची रीत. बायको पद्मावती हळदकुंकवाचं ताट घेऊन तयार. "उसव माझी गादी. मूठ काढूया."

बाबलीने शिवण उसवली. सव्वीस वर्षांची सावर, पिवळट गठळ्या, कुबट आंबूस वास. बोटांना पिठासारखी भुकटी चिकटली. आजवर तो तीच बोटं मांडीला पुसून पेज जेवत आला होता. आता त्याने उसवलेली शिवण पुन्हा मिटून धरली.

"ही नको घालू या गो. गू आसा तो. किड्यांचो."

"शुभ कार्यात कसली भाषा ही! माझ्या आईनं घातली, तिच्या आईनं घातली. तेव्हा नव्हते किडे?"

"होते. त्यांचोच गू पिढ्यान्पिढ्या येता हयसर!"

पद्मावतीने रागाने स्वतःच मूठ भरली. एवढ्यात सिद्धी दारात आली. आत पाऊलही नाही टाकलं, आणि छातीतून शिट्टी सुरू झाली. पंपासाठी ती पिशवी चाचपू लागली.

पद्मावतीने मुलीकडे पाहिलं, मग मुठीकडे. हळूच मूठ उघडली आणि हात साडीला पुसता पुसता थबकली. हात लांब धरून न्हाणीत गेली, साबणाने कोपरापर्यंत घासून आली. परसातल्या सावरीची बोंडं नुकती फुटली होती. त्यातलं एक आणून तिने ताटात ठेवलं. कुंकू लावलं.

जुनी गादी मळ्याच्या कडेला नेऊन जाळायची ठरली. बाबलीने एक टोक उचललं. सवयीने सिद्धी दुसऱ्याकडे वळली.

"तू पलीकडे हो," पद्मावती तोंडाला पदर बांधत खेकसली. "लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाक. टोक मी धरतंय."