बांधीवरचा सर्व्हर

कारखान्यातल्या यंत्रांच्या आत बसणारे छोटे वेब सर्व्हर, म्हणजे यंत्राची माहिती मोबाईलवर दाखवणारे प्रोग्राम, बांधणं हे माझं काम. घरी ते कुणाला नीट सांगता आलं नव्हतं. ताईचा आजार मणक्यात उतरला, तिचं उठणं-बसणं बंद झालं, तेव्हा मी लॅपटॉप घेऊन तिरोड्याजवळच्या आमच्या गावी आलो. ताई माझ्याहून बरीच मोठी. बाबा गेल्यावर शेती तिनंच सांभाळली, आईलाही. लग्न केलं नाही. धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, घराच्या मागेच, पण खाटेवरून दिसायची नाही.

"तिकडं रोवणा होऊन राहिला, अन् मी भिंत पाहून राहिली," लावणीच्या दिवसांत ती एकदा म्हणाली.

म्हणून मी शेताच्या कडेच्या धुऱ्यावर खांब रोवला, त्यावर कॅमेरा लावला आणि मोटरपंपाच्या पेटीत पंज्याएवढा संगणक बसवला. त्यात सर्व्हर चालला, की ताईच्या मोबाईलवर बांधी दिसणार होती. सर्व्हर छोटाच, पण त्याला चित्रं लहान करणाऱ्या तयार कोडची एक लायब्ररी हवी, तिला आणखी एक, आणि त्या दुसरीची जुनीच आवृत्ती चाले. ताईच्या खाटेशी बसून मी एकेक बांधत गेलो. पडद्यावर लाल ओळी आल्या की ती विचारायची, "आता काऊन अडलं गा?"

"एक भाग सापडून नाई राहिला त्याले."

"मंग दे न. उपाशी कायले ठेवून राहिला?"

हसताना तिला कळ यायची, तरी हसायची.

बांधीचं पान उघडलं त्या सकाळी तिनं मोबाईल डोळ्यांजवळ धरला. नुसती बघत राहिली. दुपारपर्यंत मात्र तिचा आवाज घरभर होता. "आई, खालच्या बांधीत गाय शिरली! हाकल तिले!"

धान निसवायच्या, लोंब्या बाहेर पडायच्या सुमारास तिला गोंदियाच्या दवाखान्यात न्यावं लागलं. तिथे पान उघडेना. सर्व्हर मी घरच्या वायफायपुरताच ठेवला होता. बाहेरून उघडायचं तर सुरक्षित जोडणीचा भाग घालून तो पुन्हा बांधावा लागणार होता, आणि त्यासाठी घरी जाणं भाग होतं. मला तिला सोडवत नव्हतं.

"जा न बाबू. आई आहे इथं. लोंब्या पाहाच्या आहेत मले."

मी गेलो. सगळं नव्यानं बांधलं, सेटिंग बदलली, कॅमेऱ्याची काच पुसली आणि तिथूनच आईला फोन लावला.

"आता ताईच्या मोबाईलवर उघड."

पलीकडून मोबाईलवर बोट आपटल्याची टकटक आली. मग आई म्हणाली, "दिसून राहिलं! तूही दिसून राहिला. ती म्हणते, बाजूले सरक, मागचं धान दिसत नाई."

मी सरकलो आणि कॅमेऱ्याकडे हात केला. मला फक्त काच दिसत होती.

"तिनंही हात केला," आई म्हणाली.

दवाखान्यात परत पोचलो तेव्हा आई जिन्यात बसली होती. तिच्या मांडीवर ताईची शाल घडी करून ठेवलेली होती.

"आत्ताच गेली रे," ती म्हणाली.

कापणी झाली. आईला तो खांब बघवेना, म्हणून मी उपटून टाकला. आता मी गावी राहूनच नोकरीचं काम करतो. आम्ही दोघं एकत्र जेवतो. परवा आई शेजारणीला सांगत होती, "माही लेक एकटी सारी शेती..." आणि वाक्य अर्धवट सोडून ती मागच्या दाराकडे बघू लागली. मी लॅपटॉप मिटला आणि तिच्याजवळ जाऊन बसलो.